निखिलच्या जॅकेटातली मानसी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला, निखिलला, तर नाहीच.

सिंगापूरला, यिशुनमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये, तो ऑफिसला गेला की, मी वेगवेगळ्या बायका व्हायचे. विग, मेकअप, साड्या, ट्रायपॉड. कधी निवृत्त मुख्याध्यापिका, कधी लग्न मोडलेली नटी. फोटो काढायचे, तोंड धुवायचे. या नादाचा कुणाला पत्ता नव्हता.

मानसी शेजारच्या ब्लॉकमध्ये राहायची. माझी मैत्रीण. त्या महिन्यात निखिल फोन पालथा ठेवायला लागला होता. एकदा मी लवकर घरी आले, तर ती आमच्या सोफ्यावर, आणि हा समोर. मला बघून दोघंही गप्प झाले. काय समजायचं मी? विचारलं असतं तर — पण मी विचारलं नाही. नजर ठेवली.

मग एका दुपारी मी मानसी झाले. तिच्यासारखे आखूड केस, हनुवटीवर पेन्सिलने तीळ, अंगावर निखिलचं जॅकेट. त्याला तिच्यात काय दिसतं ते बघायचं होतं — निदान मी स्वतःला तसं सांगितलं. चेहरा अर्धा वळवून फोटो काढला. हुबेहूब तीच.

पुढच्या रविवारी आम्ही चौघं पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवायला गेलो. परतताना बोटीत मी तिच्या नवऱ्याला, सुहासला, दिवसाचे फोटो दाखवत होते. दाखवता दाखवता फोनच त्याच्या हातात दिला. त्या दिवसाच्या फोटोंआधीचा फोटो कुठला, हे मला माहीत नव्हतं का? होतं.

फोटो मागे सरकवता सरकवता तो थांबला. हळूच म्हणाला, "हा कधीचा?"

"निखिलच्या फोनमधून आलाय. मलाही आत्ताच कळलं."

समोर मानसी निखिलशी हसत बोलत होती.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. "तू कुठला फोटो दाखवलास गं? मी ते जॅकेट कधी घातलंच नाही. सुहास ऐकतच नाही."

मी म्हटलं, "तुमच्यात मी काय बोलू?"

सुहासने निखिलशी बोलणंच टाकलं, कारण न सांगता. महिनाभरात मानसी मुलीला घेऊन पुण्याला गेली, ती परत आलीच नाही. त्यानंतर निखिलने सांगितलं — ती नोकरी शोधत होती, तो तिची मुलाखतीची तयारी करून घेत होता. सुहासला आवडणार नाही, म्हणून मिळेपर्यंत कुणालाच सांगू नकोस, अशी गळ तिने घातली होती. नोकरी मिळालीही होती. ती रुजू झालीच नाही.

फोटो मी पुसून टाकला. तिला फोन केला नाही. आज करू शकते, नंबर आहे.

निखिल अजून कधीतरी म्हणतो, "चांगली मुलगी होती. सुहासच संशयी."

मी "हो" म्हणते.