आखूड काडतुसांचं वर्ष

कोरोनाच्या पहिल्या वर्षी सिडनीत आधी टॉयलेट पेपर संपला आणि मग माझी काडतुसं. टॉयलेट पेपरच्या बातम्या झाल्या, माझ्या काडतुसांचं कोणाला काय पडलंय! माझी रायफल लिव्हरची. ट्रिगरभोवतीची कडी खाली-वर केली की पुढचं काडतूस आत जातं. तिला लागतात थ्री-फिफ्टी-सेव्हन. दुकानदार म्हणाला, ती कधी येतील देव जाणे, थर्टी-एट मात्र आहेत. म्हटलं, दे. जाडी तीच, फक्त लांबीला आखूड आणि स्वभावाने मवाळ. लांब काडतुसासाठी नळीत केलेल्या घरात आखूड बसतं, उलटं चालत नाही. नेमबाजीच्या रेंजवरची मित्रमंडळी हसली, दुधाची तहान ताकावर भागवतेस म्हणाली. हसू देत. मी कोल्हापूरची, ताकाची किंमत मला शिकवू नका.

रेंज पुन्हा उघडली तशी मी रविवारी ब्लॅकटाउनच्या घरून निघायचे आणि मनसोक्त थर्टी-एट मारायचे. धक्का कमी, आवाज कमी. गोळी किती अंतरावर किती खाली जाते ते तोंडपाठ झालं. भानगड एकच. आखूड काडतूस घराच्या टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून पुढच्या रिकाम्या जागेत काजळीचं कडं धरतं, दुधाच्या पातेल्याला कडेने रेघ धरते तसं. ते ब्रशने खरवडावं लागतं, नाहीतर पुढे लांब काडतूस तिथे अडतं. मला हे पक्कं ठाऊक होतं. खंडेनवमीला शस्त्रं पुसायची, तेव्हा निवांत खरवडू असं ठरवलेलं.

पण त्या वर्षी घरात सासूबाई होत्या. पुण्याहून इथल्या उन्हाळ्यापुरत्या आल्या आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकल्या. रोज चहाबरोबर विचारायच्या, सुरू झाली का गं विमानं? रायफलीचा त्यांना मनापासून तिटकारा. तिची तिजोरी ज्या खोलीत, तिथे पाऊल टाकायच्या नाहीत. तरी खंडेनवमी म्हटल्यावर शस्त्र ते शस्त्र! मी अंघोळ करून येते तर पाट मांडलेला, रांगोळी घातलेली. परवाना माझा, त्यामुळे त्यांनी रायफल हातात घ्यायची नाही. मग रिकामी रायफल मी धरून बसले आणि त्यांनी बोटाच्या टोकाने लाकडी दस्त्याला हळद-कुंकू टेकवलं. नंतर मी ब्रश काढला तर मला अडवलं. पूजा झालेलं शस्त्र आज विसावतं, घासायचं नाही की वापरायचं नाही. सासूबाईंशी शास्त्रावरून वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. ठेवली परत तिजोरीत.

दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, म्हाताऱ्याचा फोन आला. हा डोंगरापलीकडचा शेतकरी. त्याच्या रानात मी कितीतरी वर्षं सशा-कोल्ह्यांच्या मागे जाते. दुष्काळात त्याची बहुतेक जनावरं गेली होती. उरला होता छोटासा कळप, तोही खरं तर त्याच्या बायकोचा. आईविना राहिलेली कोकरं तिने बाटलीने दूध पाजून वाढवली, त्यांच्याच आता मेंढ्या झाल्या होत्या. बायको गेली, कळप राहिला. आता एक कोल्हा रोज संध्याकाळी येऊन नवी कोकरं उचलत होता. म्हाताऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कोरोनापायी पुढे ढकललेलं, त्याला नेम धरता येईना. ट्रक उद्याचा सांगून ठेवलाय, आज कोल्हा मेला नाही तर सगळ्या विकतो, म्हणाला. म्हटलं, निघालेच.

सासूबाई म्हणाल्या, दसऱ्याला सीमोल्लंघन करायचंच असतं, मीही येते. कुंकवाची डबी पर्समध्ये टाकून त्या गाडीत बसल्यासुद्धा. या गडबडीत ब्रश राहिला पाटाशेजारीच.

संध्याकाळी सासूबाईंना शेतावरच्या घराच्या व्हरांड्यात बसवून म्हातारा आणि मी कुरणाच्या कडेला एका ओंडक्यामागे आडवे झालो. लांब काडतुसांचं शेवटचं खोकं मी अशाच दिवसासाठी जपलं होतं, पाहुण्यांसाठी चांदीची ताटं जपावीत तसं. एक आत घातलं, लिव्हर वर ओढली. मिटेना. अडलं होतं बरोबर त्या काजळीच्या कड्यावर. अशा वेळी जोर करायचा नसतो, काडतूस अलगद बाहेर काढलं. म्हाताऱ्याला सांगितलं तसा त्याने चेहरा गवतात घातला. म्हणाला, राहू दे, बायकोच्या कळपाचं नशीबच तसं.

मला रागच आला. नशीब कसलं? खिशात थर्टी-एट होती. फक्त इतक्या लांबून ती माझ्या कामाची नव्हती. जनावर जखमी करून पळवायचं हे मला मान्य नाही, मारायचं तर एका गोळीत. मग पुढे जायचं, एवढंच. पोटावर सरकत कळपाजवळच्या वाळक्या झाडापर्यंत गेले. मेंढ्यांनी माना वर केल्या आणि पुन्हा खाली घातल्या. आखूड काडतूस आत सरकलं, लिव्हर मिटली.

कोल्हा कुंपणालगत आला, कोकरांकडे बघत थांबला. रविवारच्या रविवारी जे केलं तेच केलं, श्वास सोडला आणि ट्रिगर दाबला. चुकण्याची भीती वाटली नाही, खोटं कशाला सांगू. कोल्हा जागच्या जागी पडला. आवाज इतका मवाळ की मेंढ्या चार पावलं पळाल्या आणि परत चरायला लागल्या.

घरी येताच म्हाताऱ्याने आमच्यासमोर ट्रकवाल्याला फोन लावला. "उद्या येऊ नकोस," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. मग त्याची नजर रायफलीच्या दस्त्यावर गेली. इतक्या जवळून ते लाल त्यालाही दिसलं. विचारलं, हे काय? मी समजावून सांगायला तोंड उघडलं, पण सासूबाईच मोडक्या इंग्रजीत बोलल्या.

"ज्याने आपल्यासाठी काम केलं, त्याला थँक यू."

तो उठून आत गेला. येताना त्याच्या हातात दुधाची जुनी बाटली होती, काळ्या रबरी बोंडाची, चावून चावून झिजलेली. ती त्याने सासूबाईंपुढे टेबलावर ठेवली आणि डोक्यावरची हॅट काढली.

"हिलाही लावा."

सासूबाईंनी पर्समधून डबी काढली.