वैकुंठ मंडळ, मदन महल

माझ्या मुलीला मी स्वतःच्या हाताने, निळ्या शाईने, वैकुंठात पाठवलं आहे.

घाबरू नका, मुलगी ठणठणीत आहे. बिघाड फॉर्ममध्ये झाला. मी जबलपूरच्या एका फॅक्टरीच्या ऑफिसात बत्तीस वर्षं काढली, ती सगळी रजेचे, बदलीचे आणि पेन्शनचे फॉर्म भरण्यात. त्यामुळे दुसऱ्याचा चुकलेला शब्द दिसला की माझा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जातो. (हा आजार आहे, असं माझी बायको सुधा म्हणते. मी याला सेवा म्हणतो.) निवृत्तीनंतरही मला काम कमी पडलं नाही, कारण घरात आमची मुक्ता आहे. ती मराठी बोलते, पण हिंदीच्या रस्त्याने जाऊन.

"बाबा, माझी आवाज बसली आहे."

"बसला! आवाज बसला म्हणावं!"

"अय्या, तुमची पण बसली?"

तर ही मुक्ता एका बँडमध्ये गाते. चौघं मिळून मदन महल भागात, ड्रम वाजवणाऱ्या गोलूच्या वडिलांच्या गोदामात, साड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये बसून सराव करतात. मी तो कधी ऐकला नव्हता. गोलूच्या वडिलांनी, म्हणजे बड़ा फुहारा बाजारात कापडाचं दुकान असलेल्या सेठजींनी, मात्र रोज ऐकला होता. एक दिवस ते चौघांसमोर हात जोडून म्हणाले, "बच्चों, एक प्रोग्राम ऐसा करके दिखाओ जिसमें पब्लिक आख़िर तक बैठी रहे. एक भी आदमी उठा, तो गोदाम में ताला."

मुक्ता घरी आली ती तोंड पाडून. दोन दिवस नीट जेवली नाही.

"दुसरी जागा शोधा की," मी म्हणालो.

"कोणी देऊनच नाही राहिलं, बाबा. गोदाम गेलं की बँड खतम."

(इथे एखाद्या शहाण्या बापाने विचारलं असतं, की जागा काहून देऊन नाही राहिले? मी विचारलं नाही.) पोरीचं उतरलेलं तोंड मला बघवेना. आमच्या कॉलनीच्या महिला मंडळाचा कार्यक्रम जवळ आला होता. अध्यक्षा देशकर काकू गटांचे फॉर्म भरून घेत होत्या. मी धावत जाऊन शेवटचा फॉर्म आणला आणि मुक्ताला फोन लावला. ती गोदामात होती. मागून भंगारवाल्याचा हातगाडा जिन्यावरून सोडल्यासारखा आवाज येत होता.

"गटाचं नाव काय लिहू?"

"अभी ठरलं नाही, बाबा. वायकिंग मेटल लिहून द्या ना."

"काय किंग?"

"वायकिंग! वायकिंग मेटल!"

"पण तुम्ही गाता काय?"

"अरे बाबा, नाव घेऊन समुद्र पार करायचा, असं असते. मग जे मरतात ना, ते वर जातात. तिथं खूप मोठा हॉल असते. रोज पंगत! कोणी दुखी नाही!"

माझे डोळे पाणावले. मी पोरीला उगाच नावं ठेवत होतो! देवाचं नाव घेऊन भवसागर पार करायचा, आणि मग वर, जिथे दुःख नाही तिथे. (ती होडीला 'नाव' म्हणते आहे, हे त्या क्षणी माझ्या डोक्यातही आलं नाही. आम्ही नर्मदाकाठी राहतो आणि भेडाघाटला दर हिवाळ्यात नावेत बसतो, तरीही.) राहता राहिलं ते 'वायकिंग मेटल'. आवाजाला 'बसली' म्हणणारी पोरगी वैकुंठाला वायकिंग म्हणणार नाही तर काय! आणि मेटल म्हणजे अर्थातच मंडळ. मी पेन उघडलं आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं : वैकुंठ मंडळ, मदन महल.

पुढचा रकाना होता 'सदस्यांची सांगीतिक पार्श्वभूमी'. यात मात्र मी एक अक्षरही खोटं लिहिलेलं नाही. मुक्ता, गायन : अकरा वर्षं शास्त्रीय संगीत, खर्जाचा विशेष रियाज. गोलू, ताल : लहानपणापासून लग्नाच्या बँडमध्ये ढोल. पंकज, तंतुवाद्य : आजीच्या सत्संगात सात वर्षं बेंजो. (टाइपरायटरसारखी बटणं असलेला, गिटारवाल्यांचा नव्हे.) एल्विन, साथ : चर्चच्या कॉयरमध्ये गायन.

देशकर काकूंनी फॉर्म वाचला आणि चष्मा पुसून पुन्हा वाचला. "सोनटक्के भाऊ, सत्संग काय, चर्च काय! सर्वधर्म समभाव! यांना तर मी शेवटी ठेवते, आरतीच्या ऐन आधी. मानाची जागा आहे ती!"

मी मान झुकवली. घरी येऊन मुक्ताला एवढंच म्हणालो, "कॉलनीचा कार्यक्रम आहे, शेवटचा नंबर तुमचा." तिने मला मिठीच मारली. त्या मिठीत मी एक बारीक तपशील सांगायला विसरलो, की कार्यक्रम म्हणजे एकादशीची भजन संध्या होती.

तो तपशील चौघांना संध्याकाळी पाच वाजता, मंडपाच्या दारात, एकदमच कळला. आत साठ-सत्तर बायका, पुढे विष्णूची तसबीर, आणि वर पिवळ्या फलकावर 'वैकुंठ मंडळ, मदन महल'. दारात आमची वैकुंठवासी मंडळी. चेहऱ्यावर काळे पट्टे, अंगात सुधाच्या जुन्या फरच्या सोफाकव्हरची जाकिटं, आणि एल्विनच्या हातात पुठ्ठ्याची कुऱ्हाड!

"बाबा," मुक्ता दबक्या आवाजात म्हणाली, "ये क्या है?"

"तूच तर म्हणालीस, वैकुंठ!"

"वायकिंग, बाबा! समुद्री डाकू! कुऱ्हाडवाले! आणि मेटल म्हणजे रॉक, जोरवालं!"

"आणि ते नाव घेणं?"

"नाव! बोट! बोट घेऊन!"

माझ्या पायाखालची सतरंजी सरकली. (खरोखरच सरकली. मी तिच्या टोकावर उभा होतो.) तेवढ्यात सेठजी आले आणि पहिल्या रांगेत मांडी घालून बसले. त्यांच्या मागोमाग देशकर काकू लगबगीने आल्या आणि चौघांकडे बघून थबकल्या. मी डोळे मिटून घेतले.

"हे काय रूप?" काकूंनी विचारलं. मग स्वतःच उत्तर दिलं. "अच्छा, शंकराच्या वरातीतले गण! चलो, हरि आणि हर एकच. चढा स्टेजवर!"

चौघं चढले आणि मी मागच्या रांगेत टेकलो. गोलूने काड्या आपटल्या, पंकजने गिटारच्या तारा ओढल्या, आणि मंडपाच्या कनाती फडफडायला लागल्या. मग माझ्या मुलीने तोंड उघडलं. तिच्यातून जो आवाज निघाला तो मी फक्त फॅक्टरीत, मोठी क्रेन अडकली तेव्हा ऐकला होता. अकरा वर्षं मी ज्या खर्जासाठी तिला पहाटे उठवत होतो, तो हाच! समोरच्या समया हलल्या. मला देशकर काकूंची पाठ दिसली, ती ताठ झाली, आणि त्या आता मागे वळून मलाच शोधणार हे माझ्या ध्यानात आलं. मी उठलो. चप्पल शोधायला वेळ नव्हता. थेट पळालो आणि मंडपामागच्या पाण्याच्या टाकीआड जाऊन बसलो. खोटं कशाला बोलू, पोरीची चिंता वगैरे काही नव्हती. काकूंची भीती होती.

टाकीआडून डोकावून पाहिलं. आता मंडप रिकामा होईल, सेठजी खिशातून कुलूप काढतील, मुक्ता पुन्हा जेवणार नाही, आणि हे सगळं माझ्या सुंदर अक्षरामुळे! मला रडू यायला लागलं.

पण कोणी उठेचना! एक बाई अर्धवट उठली, तर शेजारणीने पदर ओढून तिला खाली बसवलं. "आरतीच्या आधी उठतात काय? बस खाली!" माझ्या डोक्यात उजेड पडला. भजनातून आरतीआधी उठणं म्हणजे देवाकडे पाठ करणं. सत्तर बायका कानात बोटं घालून बसल्या होत्या, पण बसल्या होत्या! आणि माझ्या फॉर्मने चौघांना बसवलं होतं ते आरतीच्या ऐन आधी.

दुसऱ्या गाण्यात मात्र एवढ्या बायका एकटक बघून राहिल्यात म्हटल्यावर गोलूचा धीर सुटला. माणूस घाबरला की शिकलेलं विसरतो आणि मुरलेलं बाहेर येतं. त्याचे हात परस्पर लग्नाच्या वरातीचा ठेका धरायला लागले. तो ऐकून पंकजची गिटार आजीच्या सत्संगात शिरली. एल्विनने कुऱ्हाड छातीशी धरून, डोळे मिटून, नाताळच्या गाण्यातला 'आ'कार लावला. मुक्ता मधोमध क्रेनच्या आवाजात गरजत होती. बायकांनी हळूच कानातली बोटं काढली. देशकर काकूंनी टाळी धरली आणि त्या शेजारच्या वहिनींना ओरडून म्हणाल्या, "शब्द कळून नाही राहिले, पण तळमळ पहा पोरीची!" आरतीला सगळा मंडप टाळ्या वाजवत उभा होता.

आता मी टाकीमागून निघालो आणि राजगिऱ्याच्या लाडवांच्या परातीपाशी असा जाऊन उभा राहिलो, जसा काही सकाळपासून तिथेच आहे. सेठजी चौघांना घेऊन आले. मुक्ताच्या गालांवरचे काळे पट्टे घामाने गळ्यापर्यंत आले होते. इतकी आनंदात ती मला कधी दिसली नव्हती.

"गोदाम तुम्हारा," सेठजी म्हणाले. "इतनी माताएँ बैठी रहीं, हम क्या बोलें! बस, एक भाईसाहब बीच में भागे. नंगे पाँव! शर्त तो टूटती है, मगर चलो, माफ़ किया. कौन थे वो?"

मुक्ताने माझ्याकडे पाहिलं. गोलू, पंकज, एल्विननेही पाहिलं. सुधाने आणि देशकर काकूंनी तर सरळ माझ्या अनवाणी पायांकडेच पाहिलं.

मी सेठजींच्या हातावर दोन लाडू ठेवले आणि म्हणालो, "होंगे कोई, सेठजी. आजकल लोगों को संगीत की समझ ही कहाँ है!"