कोळशाची भुकटी

"हे काय हाय? खरं सांगा."

फरशीवर काहीही सांडलेलं दिसलं, की मावशी झाडू पाठीमागे धरून आधी हे विचारायच्या.

आमच्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्या झाडलोट करायच्या. कुणाच्या शब्दावर विश्वास म्हणून ठेवायच्या नाहीत. त्यांचा डबा बाहेर कडुनिंबाला टांगलेला असायचा. आतल्या चहाला त्या कधी शिवल्या नाहीत. साखर सांडली तरी चौकशी! आम्ही तिथं संशोधन करणारे हसायचो. तुमच्याही पाहण्यात असं एखादं माणूस असेल.

एका दुपारी कार्बन नॅनोट्यूबची बाटली माझ्या हातून निसटली. काजळीहून हलकी, काळी पूड तराजूखाली पसरली. थोड्या वेळात पाहुणे प्रयोगशाळा बघायला येणार होते. मी घाईत म्हणालो, "मावशी, पटकन झाडून घ्या. कोळशाची भुकटी आहे."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "कोळसा हाय, तर तुमी तोंड कशापायी बांधलं?"

माझा हात मास्ककडे गेला.

"आधीच्या कंपनीत बी असंच म्हणले व्हते. काय नाय, माती हाय, झाडा. म्या सोडलं काम. माझी जोडीदारीण झाडत राह्यली. आता तिला जिना चढवत नाय."

मग मी खरं सांगितलं. झाडूनं ही पूड उडते. इतकी बारीक असते, की छातीत खोल जाते. पुढं काय करते, ते अजून कुणालाच पुरतं माहीत नाही.

"म्हाईत नाय, आन झाडू माझ्या हातात?"

त्यांनी पंखा बंद केला, नाकाला पदर लावला आणि बाहेर जाऊन, दार ओढून घेऊन त्या दारासमोर उभ्या राहिल्या. विभागप्रमुख पाहुण्यांना घेऊन आले, तर त्यांनाही म्हणाल्या, "आत नाय जायचं."

पूड खाली बसल्यावर मी हातमोजे घालून, गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्यानं फरशी पुसली. दाराच्या काचेतून त्या बोट दाखवत होत्या, टेबलाच्या पायाखाली राहिलं म्हणून. फडकी पिशवीत बंद करून मी वर चिठ्ठी लावली. मावशींनी ती माझ्याकडून वाचून घेतली. मग वॉचमनकडूनही.

पुढच्या उन्हाळ्यात कंत्राटदार बदलला आणि मावशी यायच्या बंद झाल्या. माफी मागायची राहूनच गेली होती. पत्ता काढत मी मुकुंदवाडी स्टेशनमागच्या गल्लीत गेलो, तर खोलीला कुलूप. शेजारच्या बाईनं दार अर्धंच उघडलं.

"त्या गेल्या खोली सोडून. तुमी कोण त्यांचे?"

"त्यांच्यासोबत कामाला होतो," मी म्हणालो.

बाईनं माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं. तिला ते पटलेलं दिसलं नाही.