पारूबाईंची झोप

"नालोक्सोन दे, आत्ताच्या आत्ता," सर म्हणाले. मी म्हटलं, देणार नाही.

बोरिवलीच्या एका हॉस्पिटलमध्ये मी वेदनाशमनाची डॉक्टर आहे. ज्यांचा कॅन्सर बरा होण्यातला नाही, त्यांचं दुखणं तरी कमी करायचं. बेडवर होत्या मनोरीच्या पारूबाई. जन्मभर मासळी विकलेली बाई, कॅन्सर हाडांत उतरलेला. कूस बदलली तरी किंचाळायच्या. आदल्या दिवशी मी मॉर्फिन सुरू केलं आणि आज दुपारी त्या गाढ झोपल्या. राउंडला आलेल्या आमच्या युनिटप्रमुखांनी हाक मारली, तर पारूबाईंनी नुसतं हूं केलं. सरांना वाटलं, मॉर्फिन जास्त झालं.

सून जयश्री रडायलाच लागली. तिला मी समजावलं. बाजारात तुझ्या सासूची ठरलेली जागा आहे ना? तशा मेंदूत आणि पाठीच्या कण्यात औषधाच्या जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. मॉर्फिन तिथे जाऊन बसलं की दुखण्याचा निरोप पुढे फारसा जात नाही. पण जास्त बसलं तर श्वासही मंदावतो. नालोक्सोन हे त्यावरचं उताऱ्याचं औषध, ते मॉर्फिनला ढकलून स्वतः ती जागा बळकावतं. श्वास सुधारतो, पण दुखणंही एका दमात परत येतं.

"म्हणजे आई परत ओरडणार?"

"हो."

श्वास मी मोजला होता. सावकाश, पण एकसारखा. ऑक्सिजन ठीक. खांद्याला हात लावला की डोळे उघडत होत्या. कित्येक रात्री जागलेल्या बाईची ती झोप होती. हे सगळं मी सरांना सांगितलं, पण ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते.

"काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

"माझी. मी इथून हलणार नाही. श्वास मंदावला तर मीच देईन. झोपल्या म्हणून देणार नाही."

"कांबळे, युनिट मी चालवतो."

"हो सर. पण दुखणार त्यांना आहे."

सर तणतणत निघून गेले. मी स्टूल ओढून बसले. श्वास मोजत राहिले. नालोक्सोन भरलेली सिरिंज ट्रेमध्येच राहिली.

संध्याकाळी पारूबाई जाग्या झाल्या आणि आपल्या आपण कुशीवर वळल्या. जयश्री तोंडावर पदर धरून बघत होती. किंकाळी आली नाही.

"दुपारी कोण गो बोंबलत होता?" पारूबाईंनी मला विचारलं. "जरा डोळा लागला तर निजू देत नाय."

सरांचं न ऐकल्याबद्दल मला मेमो मिळाला. त्याला उत्तर दिलं आणि मॉर्फिन चालू ठेवलं. पारूबाई पुढे गेल्या, त्या जाणारच होत्या. पण मनोरीत, स्वतःच्या घरी, न ओरडता गेल्या. नव्या डॉक्टरांना मी एवढंच सांगते: पेशंट झोपलेला दिसला तर आधी त्याचा श्वास मोजा. भीती आपली असेल तर इंजेक्शन त्याला देऊ नका.