सखू गाळायची ती ओळ

आमच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर सखू राहते आणि तिसऱ्यावर मी. पस्तीस वर्षं झाली. ती मूळची पुणतांब्याची. नवऱ्याला महाप्याच्या कारखान्यात काम लागलं म्हणून नेरूळला आली, तेव्हा इथे खाडीचा वारा आणि डास याशिवाय फार काही नव्हतं. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. वय विचारलं तर सत्तर सांगते. गेली सहा वर्षं सत्तरच सांगते.

सखूची खरी ओळख म्हणजे तिचा द्राक्षरस. आम्ही मेथडिस्ट पंथाचे ख्रिस्ती. आमच्या प्रभुभोजनात वाइन चालत नाही, साधा द्राक्षांचा रस लागतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो बोटभर पेल्यांतून सगळ्या मंडळीला देतात. एकोणतीस वर्षं तो सखूने केला. वाशीच्या मार्केटात जाऊन काळी द्राक्षं चाखून घ्यायची, आणि इतकी चाखायची की एक व्यापारी तिला लांबून बघून पेटी झाकायचा. घरी आणून उकळायची, मलमलच्या फडक्यातून गाळायची, पण साखरेचा कण घालू द्यायची नाही. म्हणायची, हे काय लग्नातलं सरबत आहे का?

यंदा नाताळाच्या आधी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आमच्या चर्चचे नवे पाळक निखिलसाहेब भेटायला आले. पोरगा गुणी आहे. प्रार्थना केली, दोन करंज्या खाल्ल्या आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले की आजी, तुम्ही खूप सेवा केलीत, आता आराम करा, जानेवारीपासून रस रुतिका करील. रुतिका म्हणजे आमच्या गाण्याच्या ग्रुपमधली मुलगी, महाप्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. मी तिथेच बसले होते. त्यांनी सखूला दोन शिव्या घातल्या असत्या तरी तिला एवढं लागलं नसतं.

त्यात आली नव्या वर्षाची कराराची उपासना. वर्षाच्या पहिल्या रविवारी आम्ही सगळे मिळून देवाशी केलेला करार पुन्हा करतो. आमचे हे म्हणायचे, घरभाड्याचा अकरा महिन्यांचा असतो, हा बारा महिन्यांचा, एवढाच फरक. पण तसं नाही. उभं राहून सगळ्यांदेखत स्वतःला देवाच्या हाती द्यायचं असतं. त्यात एक ओळ येते: तुला वाटलं तर मला कामाला लाव, तुला वाटलं तर मला बाजूला ठेव.

सखू या ओळीचा पहिला अर्धा भाग एवढ्या मोठ्याने म्हणते की माइकची गरज नाही. दुसऱ्या भागाला तिला खोकला येतो. दर वर्षी, बरोबर तिथेच. एकदा मी विचारलं होतं. तिच्या सासूला शेवटची तीन वर्षं पडवीत खाटेवर ठेवलं होतं, येणारे-जाणारे खाटेला वळसा घालून जायचे, ते तिने पाहिलेलं. मी म्हटलं, अगं प्रार्थनेतलं वाक्य ते, एवढं काय मनावर घेतेस. तर म्हणाली, "तो ऐकतो गं. म्हणूनच म्हणत नाही."

आता निखिलसाहेबांच्या डोक्यात आलं की सगळे एकदम म्हणतात आणि अर्धे नुसते पुटपुटतात, तर यंदा एकेका बाकाने एकेक ओळ म्हणायची. आमची मंडळी एका शाळेच्या हॉलमध्ये भरते, बाक नातवंडांच्या मापाचे. ओळींचे कागद आठ दिवस आधीच वाटले. आम्ही दोघी पुढून तिसऱ्या बाकावर बसतो. आणि तिसरी ओळ कोणती, तर तीच.

सखू कागद घेऊन लिफ्टने माझ्याकडे आली. चष्मा, पेन्सिल, काठी, सगळ्या तयारीनिशी. बाकांचं गणित तिने मांडूनच आणलं होतं. म्हणाली, आपण चौथ्यावर बसायचं. चौथी ओळ होती, माझं घर आणि माझी माणसं तुझ्या स्वाधीन. मी म्हटलं, ही चालेल? म्हणाली, माणसं खुशाल घेऊन जाऊ दे, सून तर आधी. चौथ्या बाकावर मिथुन बायकापोरांना घेऊन बसतो. त्याला फोन करून तिने जागा बदलून घेतली. तो बिचारा म्हणाला, आजी, तुमच्यासाठी काय पण. आपल्या गळ्यात काय पडतंय हे त्याला कुठे माहीत.

रविवारी सखू नाताळची साडी नेसून आली. शाळा बुडवलेल्या पोरींसारख्या आम्ही खुदुखुदु हसत होतो. तिचा नवा गुडघा बाकाखाली घालायला दहा मिनिटं गेली. एकदा काठी अडकली, एकदा मीच अडकले. नेमकं तेवढ्यात, हॉलची मांडामांड करणाऱ्या बाजीरावांना पहिल्या बाकाचा पाय डुगडुगताना दिसला आणि त्यांनी तो बाक बाहेर काढला. त्यावरची माणसं मागे जाऊन बसली. आम्हाला पत्ता नाही.

कराराच्या वेळी सगळे उभे राहिले. पहिली ओळ झाली. दुसरी आमच्या पुढच्या बाकाने, म्हणजे मिथुनच्या घरच्यांनी म्हटली. तिसरी कोण म्हणतंय म्हणून आम्ही इकडेतिकडे बघू लागलो. मिथुन मागे वळला आणि म्हणाला, "आजी, तुमची."

सखूने माझ्याकडे बघितलं. बाकावर आम्ही दोघीच. मी म्हणू शकले असते, खोटं कशाला सांगू. पण मी तोंड मिटून घेतलं. तिने मला असा चिमटा काढला की चार दिवस निळं होतं.

"तुला वाटलं तर मला कामाला लाव," सखू म्हणाली. मग खोकला. निखिलसाहेब थांबून राहिले. तिचा हात माझ्या हातात होता.

"तुला वाटलं तर मला बाजूला ठेव," ती म्हणाली, हळू, पण पूर्ण. सगळ्यांना ऐकू गेलं. आणि श्वास घेऊन पुढे म्हणाली, "पण देवा, दिसेल असं ठेव."

मागून आधी बाजीराव हसले, मग अख्खा हॉल. निखिलसाहेबांनी बायबलात तोंड घातलं, त्यांचे खांदे हलत होते. चौथी ओळ कोणाला म्हणताच येईना, तीनदा सुरू करावी लागली. सखूही हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. त्यातलं हसू किती आणि दुसरं किती, ते मी विचारलं नाही.

मग प्रभुभोजन. रुतिकाचा रस. मी ओठाला लावला आणि तिरक्या डोळ्याने सखूकडे बघितलं, कारण पोरीने साखर घातली होती, आणि हात सोडून घातली होती. सखूने पेला रिकामा केला, डोळे मिटले आणि आमेन म्हणाली. इतरांपेक्षा जरा जास्त लांब म्हणाली, पण दुसरं काही नाही.

उपासनेनंतर मैदानात प्रीतिभोजन असतं, मटण आणि पुऱ्या. इतकी वर्षं सखू त्या वेळी नळावर पेले धुवायची आणि मी तिच्यासोबत. आमच्या वाट्याला नेहमी गार रस्सा आणि वातड पुरी. सवयीने मी नळाकडे निघाले, तर तिने माझा पदर धरला.

"कुठं चाललीस? आपल्याला बाजूला ठेवलंय."

आणि काठी टेकत, लहान पोरांना मागे सारत ती रांगेत सगळ्यात पुढे जाऊन उभी राहिली. रस्सा वाफाळता होता. तिने नळीचं हाड मागून घेतलं. आम्ही सावलीत खुर्च्या ओढून बसलो तोच रुतिका धुवायच्या पेल्यांचा ट्रे घेऊन आली. चेहरा पडलेला. रस जास्त गोड झाला का आजी, विचारायला लागली. मग, पुढच्या महिन्यात बरोबर मार्केटात याल का, द्राक्षं कशी ओळखायची, उकळायची किती वेळ.

सखूने हाड ताटात आपटून त्यातला गर काढला, तोंडात टाकला आणि वाढप्याला आणखी दोन पुऱ्यांची खूण केली.

"सगळं सांगते बाळ," ती म्हणाली. "आधी मला गरम जेवू दे."