नारळी पौर्णिमेनंतरचा समुद्र

माझा नवरा नरेंद्र मूळचा देवगडचा. सासऱ्यांची मासेमारीची होडी होती, आणि तिच्यात लहानाचा मोठा झालेल्या माणसाला समुद्रातलं सगळं कळतं, असा याचा ठाम समज. अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला येऊन कित्येक वर्षं झाली, दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसतो, पण नारळी पौर्णिमेला जर्सीच्या किनाऱ्यावर जाऊन नारळ सोडायचा म्हणजे सोडायचाच. त्या दिवसापासून दर्या शांत, होड्या बाहेर काढायला हरकत नाही. देवगडला ते खरंच आहे. पण जगातला प्रत्येक समुद्र काय याच्या बापाचा आहे?

२००४ साली याने सप्टेंबरातलं, कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिकोतल्या एका रिसॉर्टचं बुकिंग केलं. आमची अनया तेव्हा कॉलेजात. तिने परोपरीने सांगितलं, "बाबा, धिस इज पीक हरिकेन सीझन! लोक डिसेंबर ते एप्रिल जातात तिकडे. आत्ता सगळं रिकामं का आहे, विचार कर ना."

"मला दर्या शिकवतेस? पौर्णिमा होऊन गेली," हा म्हणाला. झालं, विषय संपला.

आम्ही तिघं गेलो. सुरुवातीला बरं गेलं. समुद्र निळाशार, आणि हा छाती काढून किनाऱ्यावर फिरतोय. मग एका सकाळी वादळ आलं. रिसॉर्टवाल्यांनी सगळ्यांना आतल्या, बिनखिडक्यांच्या हॉलमध्ये जायला सांगितलं. आम्ही दोघी गेलो. हा मात्र खोलीतच, बाल्कनीच्या काचेशी. "येतो गं, एवढं काय घाबरायचं? बघू दे जरा."

हॉलमध्ये अनया बसेना. "आय विल गेट हिम," म्हणाली आणि मी ओरडेपर्यंत पळालीसुद्धा. मी मागे धावले.

खोलीत पोचले तेव्हा ती त्याचा शर्ट धरून त्याला ओढत होती. बाहेर वारा असा किंचाळत होता की माझंच ओरडणं मला ऐकू येईना. बाल्कनीतली लोखंडी खुर्ची उडाली आणि काच फोडून सरळ आत आली. सगळी काच आमच्या अंगावर. वाऱ्याने पलंगावरची गादी उचलून भिंतीवर आपटली, टीव्ही खाली फुटला. अनया जमिनीवर पडली होती, दोन्ही हात डोळ्यावर, आणि बोटांमधून रक्त.

आम्ही तिला ओढत बाथरूममध्ये नेलं. नरेंद्रने दाराला पाठ लावली. प्रत्येक धक्क्याला दार त्याला पुढे फेकायचं, तो परत पाठ टेकायचा. मांडीवर लेक, दाबून धरलेला टॉवेल लालभडक, आणि मोकळ्या हाताने मी त्याला मारत होते. तोंडावर, छातीवर, जिथे लागेल तिथे. "मेल्या, पोरीचा जीव घेतलास! घे तुझा दर्या!" त्याने एकदाही हात आडवा केला नाही. त्याची पाठ काचांनी सोलून निघाली होती, ते मला नंतर दिसलं.

अनयाचा जीव वाचला. उजवा डोळा गेला. हॉस्पिटलात डॉक्टरांनी तसं सांगितल्यावर नरेंद्र म्हणाला, "माझा काढा. माझा तिला बसवा." असा अख्खा डोळा बसवता येत नाही, हे ते परत परत समजावत होते. याच्या डोक्यात काही शिरेना. खुर्ची उचलून फेकली, भिंतीवर कपाळ आपटायला लागला. शेवटी दोन गार्डनी त्याला धरून बाहेर नेलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. तिथेच मरावा असं वाटत होतं मला.

अनया गुंगीत होती. तिने माझी बोटं चाचपली आणि लहानपणी बोलायची तसं मराठीत म्हणाली, "आई, बाबा कुठे आहे? त्याला बोलाव ना. मला भीती वाटतेय."

मी बाहेर गेले. तो जमिनीवर बसला होता, कपाळ फुटलेलं, गार्ड शेजारी उभा. मी त्याच्यासमोर खाली बसले. पदर नव्हता, म्हणून शर्टाच्या बाहीने त्याचं तोंड पुसलं.

"ऊठ," म्हटलं, "पोर हाक मारतेय."