जत्रेच्या गाऱ्हाण्यात राहिलेलं नाव

दाजी गावकरांना मंगळाचं वेड लावलं ते मी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यातही माझा हात आहे आणि तो लपवण्यात काही अर्थ नाही.

मी आमच्याच गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. दाजी माझे शेजारी. वीज मंडळात वायरमन म्हणून त्यांनी नोकरी काढली. निवृत्त झाले तरी वाडीत कुठे ट्यूब लुकलुकली की लोक त्यांनाच हाक मारायचे आणि तेही पक्कड घेऊन निघायचे. पण गावात त्यांना मान होता तो गाऱ्हाण्यामुळे. देवळात गावाच्या वतीने देवाला साकडं घालायचं काम त्यांच्या घराण्याकडे. कोण आजारी आहे, कोणाचं लग्न जमत नाही, कोण परदेशी आहे, ते एकेका नावाने देवाला मोठ्याने सांगायचं आणि प्रत्येक वाक्यावर जमलेल्या गावाने ‘होय महाराजा’ म्हणायचं. जत्रेच्या आदल्या संध्याकाळी लोक दाजींच्या पडवीत येऊन आपापलं म्हणणं सांगून जायचे. दाजी कागद घ्यायचे नाहीत. साठ-सत्तर नावं आणि प्रत्येकाचं दुखणं, सगळं डोक्यात. चाळीस वर्षांत एक नाव चुकलं नव्हतं.

२०१७च्या ऑक्टोबरात मी त्यांना सहज म्हटलं, की मंगळावर ‘इनसाइट’ नावाचं यान जाणार आहे, आणि आपलं नाव पाठवलं तर ते एका चिपवर कोरून यानाबरोबर नेणार आहेत. दाजींनी चष्मा काढून पुसला.

“म्हणजे त्यांच्याकडेय गाऱ्हाणां घालतत?”

“गाऱ्हाणं नाही हो दाजी. नुसती नावं.”

“नावां घेतली म्हणजे अर्धां गाऱ्हाणां झालांच गो,” दाजी म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी शाळेत हजर झाले. माझ्या लॅपटॉपवर आम्ही तीन दिवस वाडीतल्या एकूण एक माणसाचं नाव भरलं. अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं, पाळण्यातली पोरं, मुंबईला गेलेले, गोव्यात असलेले. प्रत्येक नावाचा विमानाच्या तिकिटासारखा कागद मिळायचा. दाजींनी ते छापून घरोघर वाटले. रुक्मिणीकाकीने तिच्या सुशांतचा कागद देव्हाऱ्याशेजारी लावला.

तेव्हापासून दाजींना दुसरं सुचेना. यान सुटलं, कुठवर पोचलं, छत्री कधी उघडणार, पाय कधी बाहेर येणार, सगळं तोंडपाठ. यानाला ते ‘मंगळो’ म्हणायचे. बायकोने बाजारातून काय आणायचं ते सांगितलं तर विसरतील, पण यान वातावरणात शिरल्यावर किती मिनिटांत उतरणार ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. मला त्याची गंमत वाटायची. वर्गातली पोरं माझं ऐकत नव्हती, निदान शेजारचा एक म्हातारा तरी ऐकत होता.

२०१८ साली आमची जत्रा आली २६ नोव्हेंबरला, सोमवारी. आणि यान उतरणार होतं त्याच रात्री, दीडच्या सुमाराला. दाजींच्या मते हा योगायोग नव्हता.

आदल्या दिवशी, रविवारी संध्याकाळी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या पडवीत बसले होते. यान कसं उतरेल त्याची चित्रफीत दाखवत होते. लोक येऊन आपलं सांगून जात होते. तेवढ्यात रुक्मिणीकाकी आली. सुशांत तिचा एकुलता मुलगा, मालवाहू जहाजावर खलाशी. कुठल्याशा परक्या बंदराबाहेर जहाज इंजिन बिघडून अडकलं होतं आणि अकरा दिवस त्याचा फोन नव्हता.

“दाजीनू, उद्या माका देवळात येवक जमाचा नाय. थंय रेंज नाय. फोन इलो तर? मी घराकडेच बसतंय. माझ्या झिलाचां नाव तेवढां घेवा.”

“घेतंय गो, घेतंय,” दाजी म्हणाले. डोळे पडद्यावर. यानाची छत्री नेमकी तेव्हाच उघडत होती. मला ती चित्रफीत थांबवता आली असती. मी थांबवली नाही.

सोमवारी सकाळी देऊळ माणसांनी भरलं होतं. दाजींचा आवाज त्या दिवशी असा लागला होता, की ढोलवाल्यांनीही हात थांबवले. “बा देवा रवळनाथा,” म्हणून सुरुवात झाली आणि नावामागून नाव येत गेलं. शेवटी ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, “आणि महाराजा, एक पोर आमच्या सगळ्यांची नावां घेवन वर गेलेलां आसा. तां आज उतारतलां. तेच्या पायाखालची जमीन घट ठेव, महाराजा!” कोणाला काही कळलं नाही, पण अख्खा गाव एका सुरात ‘होय महाराजा’ म्हणाला. मी खांबाआड तोंड दाबून हसले.

यान ठीक उतरलं. आणि दोन आठवड्यांनी सुशांतही घरी आला. जहाजाला दुसऱ्या जहाजाने ओढून बंदरात नेलं होतं.

रुक्मिणीकाकी नारळ आणि केळी घेऊन दाजींकडे गेली आणि त्यांच्या पायाच पडली. मी तिथे होते. दाजी पाय मागे घेत राहिले. मला वाटलं, संकोच. त्यानंतर दर जत्रेला तिचे नारळ ठरलेले. वाडीत, बाजारात, एसटीत, भेटेल त्याला ती सांगायची, की दाजींच्या तोंडात देव बसतो. सुशांत पुन्हा जहाजावर गेला तरी तिने पूर्वीसारखा घोर लावून घेतला नाही. “दाजींनी गाऱ्हाणां घातलेलां आसा,” एवढं म्हणून ती कामाला लागायची.

दाजी मात्र बदलले. पुढच्या जत्रेला ते कागद घेऊन उभे राहिले आणि चष्मा लावून नावं वाचू लागले. गाव म्हणाला, वय झालं. मीही त्यांना चिडवलं, की एवढ्या मंगळाने डोक्यातली जागा अडवली वाटतं. ते हसले नाहीत. यानाचे फोटो बघायला मात्र रोज यायचे. त्याच्या सौर पंखांवर धूळ साचत चालली होती. पुसायला तिथे कोणी नाही, हे दाजी पुन्हा पुन्हा म्हणत.

२०२२च्या डिसेंबरात मी त्यांना सांगितलं, की यानाने उत्तर देणं बंद केलंय, मोहीम संपली. भर दुपारी माझ्या ओट्यावर तो सत्तरीचा माणूस रडायला लागला. मी म्हटलं, “अहो दाजी, यंत्र आहे ते. दोन वर्षांचं काम होतं, चार वर्षं चाललं.”

“यंत्रासाठी रडनंय नाय गो,” ते म्हणाले. “त्या दिवशी सुशांताचां नाव माझ्याकडसून रवलां. मी मंगळ्याचां घेतलंय आणि तेचां इसारलंय. घराकडे इल्यार आठावलां. चार वर्सां तिचे नारळ खातंय.”

मला, खरं सांगते, हसू आलं. एवढंच ना! मी विज्ञानाची बाई. नाव घेतलं काय, न घेतलं काय, जहाज ओढून आणणारं जहाज यायचं तेव्हाच आलं असतं. मी त्यांना म्हटलं, “मग सांगून टाका ना तिला. चार वर्षं उगाच कुढताय. ती काय तुम्हाला खाणार आहे? आणि सुशांतचं नाव मंगळावर आहेच की.”

ते नको म्हणत होते. “तिचो झील आता परत बोटीर आसा,” एवढंच दोनदा म्हणाले. मी ऐकलं नाही. हाताला धरून घेऊन गेले.

रुक्मिणीकाकी अंगणात बसून झावळ्यांचे हीर काढत होती, केरसुणीसाठी. दाजी उभ्या-उभ्याच बोलले, एका दमात. ती ऐकत राहिली. हातातला कोयता हळूच खाली ठेवला.

“माझ्या झिलाचां नाव गेलांच नाय?”

“नाय.”

मध्ये पडायची मला कोण हौस! म्हटलं, “काकी, पण तो आला ना सुखरूप? आणि त्याचं नाव तर मंगळावर आहे.”

“बाई,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “मंगळार धाडूक तीन दीस गावले. देवाक सांगूक एक घडी नाय गावली?”

ती उठून आत गेली आणि फोन घेऊन आली. सुशांतला लावला. भर समुद्रात तो कुठून लागणार! पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. या बाईला गेल्या चार वर्षांत मी मुलाच्या फोनसाठी कासावीस झालेलं बघितलं नव्हतं.

“काकी, मी उद्याच देवळात...” दाजींनी सुरुवात केली.

“नको,” ती म्हणाली. “चार वर्सां मी निजलंय, ती तुमच्या शब्दार. झील दर्यात आसा आणि मी सुखान निजलंय. सांगून तुमी सुटलात, दाजीनू. आता मी खंय जाव?”

ती परत खाली बसली, पण कोयता तिने हातात घेतला नाही. फोन मांडीवर ठेवून त्याच्याकडेच बघत राहिली.

परत येताना पाणंदीत दाजी थांबले. मला वाटलं आता मला बोलतील, आणि बोलायलाच हवं होतं. माझ्या खरेपणाच्या हौसेपायी मी एका आईची झोप घालवली होती, आणि तेही हसत हसत. मी मान खाली घालून उभी राहिले.

पण दाजी छातीवर हात ठेवून कसलासा अंदाज घेत होते. मग फार हळू म्हणाले, “समीक्षा, माका हलकां वाटता गो. तिका तशी बघूनसुद्धा माका हलकां वाटता.” आणि बांधावर बसून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.